शत्रूच्या गोटात आठ महिने: एका स्पेक्ट्रमवाल्याने वापरलेला कमोडोर ६४

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर पक्षपाताचा आरोप नको. मी स्पेक्ट्रमवाला. आमच्या घरी झेडएक्स स्पेक्ट्रम, मावसभावाकडे कमोडोर ६४, दोन्ही ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक, कॅसेटच्या टेपवरून गेम लोड करणारे. लहानपणीचा आमचा निम्मा वेळ कोणाचं मशीन भारी यावर भांडण्यात गेला आणि उरलेला निम्मा गेम लोड व्हायची वाट बघण्यात. कमोडोरला मी हात लावला तो फक्त त्याच्या घरी, त्याच्या नजरेखाली, आणि बहुतेक वेळा हरण्यासाठी. त्यामुळे आठ महिन्यांपूर्वी एक जुना, गोलसर, मातकट रंगाचा कमोडोर (त्याचे भक्त त्याला 'ब्रेडबिन' म्हणतात) टेबलावर आणून ठेवला, तेव्हा माझा हेतू काही शुद्ध नव्हता. दोष शोधायचे, यादी करायची आणि मावसभावाला पाठवायची, एवढाच बेत.

यादी झाली. पाठवली मात्र नाही. का, ते पुढे येईलच.

ज्यांना असं मशीन घ्यायचंय त्यांच्यासाठी सगळ्यात आधी पॉवर सप्लायचं. जुना मूळ सप्लाय वापरू नका. बहुतेकांच्या आत रेझिन ओतून तो कायमचा बंद केलेला असतो. उष्णता कोंडते आणि उघडून दुरुस्त करायची सोय नाही. आतला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की मरताना व्होल्टेज पाडत नाही, वाढवतो, आणि पहिल्या फटक्यात मेमरीच्या चिप जातात. ज्याच्याकडून मी मशीन घेतलं त्याने 'तपासलेलं, चालू' असं छातीठोक सांगितलं होतं. मीटर लावला तर काटा पाचाच्या बराच पुढे. सप्लाय तसाच बाजूला ठेवला, नव्या बनावटीचा आणला आणि मगच बटण दाबलं. स्पेक्ट्रमवाल्यांनी इथे हसू नये. आपल्या नऊ व्होल्टच्या सप्लायची मधली पिन ऋण असते, आणि घरातला दुसरा कुठला तरी अ‍ॅडॉप्टर बसतोय म्हणून लावून मशीन मारणारे आपल्यातच कितीतरी सापडतील.

तर बटण दाबलं. निळ्यावर निळी अक्षरं: ३८९११ बेसिक बाइट्स फ्री, म्हणजे बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी एवढी मेमरी मोकळी. नाव चौसष्ट आणि हातात अडतीस, यावरून आम्ही मावसभावाला किती पिडलं असेल! खरं तर मशीन कोडमध्ये (प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत) रॉम, म्हणजे कायमची कोरलेली मेमरी, बाजूला सारून जवळजवळ पूर्ण ६४ केबी वापरता येते. हे त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही, म्हणून भांडण रंगायचं.

कीबोर्ड. स्पेक्ट्रमची रबरी बटणं किती मायेची वगैरे मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. कमोडोरच्या खऱ्याखुऱ्या कीबोर्डवर आठवडाभर टाइप केल्यावर ते सांगणं बंद केलं. मनगटांना उंच पडतो, कर्सरसाठी दोनच बटणं आहेत आणि वर किंवा डावीकडे जायला शिफ्ट दाबावी लागते, हा वैताग आहेच. पण बोटांना कळतं की आपण बटण दाबलंय. सवय मात्र हाडात मुरलेली असते. स्पेक्ट्रमवर 'जे' दाबलं की अख्खा 'लोड' शब्द उमटतो. पहिला महिनाभर मी इथे 'जे' दाबून पडद्याकडे बघत बसायचो, आणि पडद्यावर नुसता 'जे'.

आता यादीतला पहिला खरा दोष. इथे मी एक इंचही मागे हटणार नाही. कमोडोरचं बेसिक. १९८२ साली बाजारात आलेलं मशीन, आवाज आणि चित्रांची एवढी ताकद, आणि बेसिकमध्ये ना चित्र काढायची आज्ञा, ना सूर वाजवायची. बाहेरची चौकट काळी करायची तर पोक ५३२८०,०, म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावर शून्य लिही. आतली पाटी काळी करायची तर पोक ५३२८१,०. आवाज मोठा करायचा तर पोक ५४२९६,१५, आणि त्याआधी आणखी डझनभर पोक, नाहीतर आवाजच येत नाही. स्पेक्ट्रमवर बीप, प्लॉट, ड्रॉ, सर्कल, इंक, पेपर, सगळं साध्या शब्दांत. नऊ वर्षांचं पोर एका दुपारी वर्तुळांची नक्षी काढायचं. मी काढलीय. स्टीव्ह विकर्स यांनी लिहिलेलं ते बेसिक संथ होतं हे कबूल, पण ते माणसाशी बोलायचं. कमोडोरचं बेसिक पत्ते पाठ करायला लावतं. अर्थात पत्ते पाठ करणारी पोरं पुढे थेट मशीन कोडमध्ये उतरली, असा मावसभावाचा दावा आहे. तो स्वतः कुठेच उतरला नाही.

लोडिंग हा मात्र आठवणींचा खरा गाभा, म्हणून जरा थांबून सांगतो. स्पेक्ट्रमवर टेप सुरू केली की आधी चौकटीत लाल-आकाशी पट्टे आणि एकसुरी शीळ, मग माहिती वाहू लागली की निळे-पिवळे पट्टे आणि तो करवतीसारखा आवाज. गेमचं चित्र आधी काळ्या-पांढऱ्यात उमटायचं, तेही सरळ वरून खाली नाही. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात आठ-आठ ओळी सोडून रेघा पडत जायच्या, पडदा विणल्यासारखा. ६१४४ बाइट्सचं ते रेखाटन अर्ध्या मिनिटात पुरं व्हायचं. मग शेवटचे ७६८ बाइट्स रंगांचे. वरून खाली सरसर रंग चढत यायचा आणि चार सेकंदांत चित्र जिवंत. तो क्षण पुन्हा अनुभवायला मी अजूनही मुद्दाम टेप लावतो.

कमोडोरवर साध्या टेपने लोड करा, पडदा चक्क कोरा होतो. नुसता निळा. मशीन बंद पडलं की चालू आहे, काही पत्ता नाही. वेगही स्पेक्ट्रमच्या मानाने गोगलगायीचा. यादीत ठळक अक्षरांत लिहिलं. आणि मग टर्बो लोडर (लोडिंगचा वेग वाढवणारा छोटा प्रोग्राम) असलेली टेप लावली. चित्र आलं, आणि लोड होता होता संगीत सुरू झालं. ओशन या कंपनीच्या गेमांच्या लोडिंगसाठी मार्टिन गॅलवे यांनी केलेलं ते संगीत ऐकत बसलो आणि गेम लोड झाल्याचा चक्क राग आला. यादीतली ती ओळ खोडली नाही, पण ठळकपणा काढला.

डिस्क ड्राइव्हही महिनाभर उसना आणून वापरला. १५४१ म्हणजे पेटीत बसवलेला दुसरा संगणकच, त्याचा स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी मेमरी. एवढं असून वाचण्याचा वेग सेकंदाला चारशे बाइट्सच्या आसपास! चूक आली की हेड पहिला ट्रॅक शोधत अडसरावर आपटतं, ठक-ठक-ठक, आणि पोटात गोळा येतो. मला आता त्या आवाजाची गोडी लागलीय, पण रोजच्या वापराला एसडी कार्डचं उपकरण आणि वेग वाढवणारं कार्ट्रिज घेतलं. तुम्हीही तेच घ्या.

आवाजाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. बॉब यानेस यांनी घडवलेली सिड ही कमोडोरची आवाजाची चिप म्हणजे तीन सूर, प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरींची निवड, वर फिल्टर. लहानपणी मावसभावाकडच्या टीव्हीच्या फाटक्या स्पीकरवर मी ती ऐकली होती. आता नीट स्पीकर जोडून रॉब हबर्ड यांचं 'मॉन्टी ऑन द रन' गेमचं संगीत लावलं आणि तोंडाला कुलूप लागलं. गंमत अशी की कमोडोरवाल्यांचं आपापसातच इथे पटत नाही. जुनी ६५८१ चिप की नंतरची ८५८० हा वाद घराण्यांच्या वादासारखा चालतो. जुन्या चिपचा फिल्टर प्रत्येक नगात थोडा वेगळा, त्यामुळे तेच गाणं दोन मशीनवर दोन तऱ्हांनी वाजतं. आणि आवाजाच्या पातळीचा रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) भराभर बदलून काढलेलं बोलणं नव्या चिपवर अगदी दबतं. माझ्याकडे जुनी आहे. माझा फिल्टर जरा घोगरा आहे आणि मला तोच बरोबर वाटतो. आठ महिन्यांत मीही घराण्यात दाखल झालो म्हणायचं.

पण एक सांगू? स्पेक्ट्रमच्या एका बिटच्या बीपरला आवाज म्हणजे फक्त चालू किंवा बंद एवढंच माहीत. त्यातून टिम फॉलिन यांनी १९८७ साली 'क्रोनॉस' या गेममध्ये एकाच वेळी अनेक सूर वाजत असल्यासारखं काढलंय, आणि तेवढा वेळ प्रोसेसरला दुसरं काहीही करता येत नाही. श्रीमंताघरच्या मेजवानीचं कौतुक आहेच. मला फोडणीच्या भाताचं जास्त वाटतं.

चित्रांचंही तसंच. स्पेक्ट्रमच्या आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग बसतात, म्हणून खेळाडू झाडाजवळ गेला की झाडाचा रंग अंगावर घेतो. कमोडोरकडे आठ हार्डवेअर स्प्राइट (चिपच परस्पर हलवते अशी छोटी चित्रं) आणि गुळगुळीत सरकणारा पडदा. पण त्या बदल्यात बरेच गेम जाड ठिपक्यांच्या १६० बाय २०० मध्ये, आणि रंगांचा डबा असा की तपकिरी आणि करड्यातच जीव रमावा. स्पेक्ट्रमवाल्यांनी रंग सांडतात म्हणून रडत न बसता 'हेड ओव्हर हील्स'सारख्या गेममध्ये खोलीला एक रंग देऊन रेखाटनात जीव ओतला. कमोडोरवाल्यांनी रास्टर, म्हणजे पडदा ओळीओळीने रंगवणारा किरण, खाली सरकला की तोच स्प्राइट पुन्हा वापरून आठाचे कितीतरी जास्त केले. आणि भरीव त्रिमितीत? 'ड्रिलर' हा गेम दोन्हींवर शेजारी शेजारी लावला. स्पेक्ट्रम चालतो, कमोडोर विचार करत बसतो. ३.५ मेगाहर्ट्‌झ विरुद्ध सुमारे एक, असा सरळ हिशेब करणं चुकीचं आहे, कारण कमोडोरचा ६५१० प्रोसेसर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. पण मावसभावाला मी हे सांगणार नाही.

मग माझ्या लक्षात आलं की आम्ही भांडायचो ते नेहमी दोन्हीकडे असलेल्या गेमवरून. म्हणजे एकाच्या मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याला घालून हसण्यासारखं. यात खरे पोळले ते अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या तिसऱ्याच संगणकाचे मालक. रंग भरपूर, पण प्रोसेसर स्पेक्ट्रमसारखाच झेड-८०, म्हणून त्यांच्या गळ्यात कितीतरी वेळा स्पेक्ट्रमचाच गेम जशाच्या तसा मारला गेला. त्यांच्याशी आम्ही भांडतही नसू, ही आणखी वाईट गोष्ट. बाकी 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' या धंद्यावर कोणीतरी पोट भरत होतंच. स्पेक्ट्रमवाल्यांचं 'क्रॅश' आणि कमोडोरवाल्यांचं 'झॅप ६४' ही दोन्ही मासिकं न्यूजफील्ड या एकाच प्रकाशनाची! पुढच्या पिढीत तर आणखी मौज. कमोडोरच्या अमिगा संगणकामागे जे मायनर, आधी अटारीत असलेले. त्याच्या प्रतिस्पर्ध्यामागे, अटारी एसटीमागे, शिराझ शिवजी, आधी कमोडोरमध्ये असलेले. आणि पोरं एकमेकांची डोकी फोडतायत.

जॉयस्टिक दोन नंबरच्या पोर्टलाच लावा. एक नंबरला लावून हलवली की पडद्यावर अक्षरं उमटतात, कारण कीबोर्ड आणि तो पोर्ट एकाच तारांवर आहेत. माझ्या नव्या जॉयस्टिकचं बटण तिसऱ्या महिन्यात चिकटलं. स्पेक्ट्रमवर क्यू, ए, ओ, पी या चार बटणांवर खेळणाऱ्याला जॉयस्टिक मुळात अडगळच वाटते.

रोज रात्री काय खेळतो? 'पॅराड्रॉइड', अँड्र्यू ब्रेब्रुक, १९८५. दुसऱ्या यंत्रमानवाच्या डोक्यात शिरून त्याचा ताबा घ्यायचा आणि जहाज रिकामं करायचं. हा गेम त्या काळी स्पेक्ट्रमवर आलाच नाही. मावसभाऊ तासन्‌तास हा खेळायचा, आणि मी शेजारी बसून 'ठिपक्यांचा खेळ' म्हणून नाक मुरडायचो, कारण मला पाळी मिळायची नाही. यादी पाठवली नाही ती यामुळे.

ज्यांना तारा, सोल्डर आणि मीटरचा उत्साह नाही त्यांनी २०१९ ची पूर्ण आकाराची नवी कमोडोर प्रतिकृती किंवा २०२४ ची रबरी बटणांची स्पेक्ट्रम प्रतिकृती घ्यावी. टीव्हीला एक तार लावली की काम झालं. टीव्हीचा गेम मोड तेवढा चालू करा, नाहीतर उडी मारेपर्यंत मेलेले असाल. स्पेक्ट्रमच्या प्रतिकृतीत मेल्यावर वेळ मागे फिरवायची सोय आहे. मी ती एकदा वापरली आणि 'मॅनिक मायनर' या गेममधली जी खोली मला कधी जमली नव्हती ती पार केली. इतका कोरडा विजय आयुष्यात मिळाला नव्हता.

गेल्या महिन्यात अदलाबदल केली. माझा स्पेक्ट्रम, टेप रेकॉर्डर आणि चार कॅसेट मावसभावाला दिल्या आणि म्हटलं, आता तू वापर. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन. 'पाच मिनिटं पट्टे बघत बसलो रे, चित्रसुद्धा आलं, आणि शेवटी आर टेप लोडिंग एरर, ०:१. काय डबडं आहे हे!'

मी म्हटलं, 'टेपचा आवाज थोडा वाढव आणि पहिल्यापासून लाव.'

'परत पाच मिनिटं?'

'परत पाच मिनिटं.'

त्याने फोन ठेवला नाही. स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, आणि पलीकडून ती शीळ सुरू झाली.