राजारामपुरीतील वाचा-उपचार केंद्र: मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचे चार महिने

माझे वडील अण्णा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात 35 वर्षे गुळाच्या अडत दुकानात होते. गेल्या वर्षी त्यांना अचानक फिट आली आणि तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला, कानशिलाकडील भागात, सावकाश वाढणारी ग्लायोमा प्रकारची (मेंदूतील आधारपेशींपासून होणारी) गाठ निघाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाल्यापासून गेले चार महिने आम्ही राजारामपुरीतील एका वाचा-उपचार (स्पीच थेरपी) केंद्रात आठवड्यातून दोनदा जातो. गाठ काढल्यानंतर रुग्णाच्या बोलण्याचे आणि वागण्याचे काय होते, हे आम्हाला तोवर कोणीच नीट सांगितले नव्हते. एका तपासणी केंद्राने तर एमआरआयचा अहवाल पाकिटात घालून हातात दिला आणि आमच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

केंद्रातील उपचारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत एमआरआयची चित्रे संगणकावर लावली आणि जवळजवळ तासभर आम्हाला समजावले. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांनी बोलण्याचा संबंध मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडला, तेव्हापासून ‘एक जागा, एक काम’ ही समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात शब्द ऐकणे, आठवणे आणि उच्चारणे ही कामे दूरदूरचे भाग मिळून करतात आणि त्यांना जोडतात त्या मज्जातंतूंच्या जुड्या. ग्लायोमा या जुड्यांच्या कडेने आणि त्यांच्या आत शिरत पसरते, तर मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा बहुतेक वेळा मेंदूला बाहेरून दाबते. शिवाय गाठीभोवती सूज येते. शस्त्रक्रियेआधी स्टेरॉइड सुरू होताच दोन दिवसांत अण्णांचे बोलणे सुधारले होते आणि गाठच विरघळते आहे अशी आमची भाबडी समजूत झाली होती. ओसरली होती ती सूज. गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढत असेल, तर शेजारचे भाग हळूहळू तिच्या जागचे काम उचलतात, म्हणून फिट येईपर्यंत घरात कोणालाच काही जाणवले नाही, हेही तिथेच कळले. अण्णा दुपारनंतर थकतात, दोघे एकदम बोलू लागले की गोंधळतात, हा आजाराचाच परिणाम, पण त्याला आम्ही हट्टीपणा म्हणत होतो. त्याबद्दल आजही वाईट वाटते.

उपचारांतील एक प्रसंग सांगतो. केंद्रातील तयार चित्रपत्ते परदेशी आहेत. स्ट्रॉबेरी आणि बर्फाचा माणूस पाहून अण्णा नुसतेच गप्प बसत. बाईंनी ते बाजूला ठेवले आणि पुढच्या वेळी दुकानातील छायाचित्रे आणायला सांगितली. गुळाच्या रव्याचे, म्हणजे ढेपेचे, चित्र समोर धरून त्यांनी विचारले, “अण्णा, हे काय?” अण्णांनी दोन्ही हात पसरून आकार दाखवला आणि म्हणाले, “ते... यार्डातलं... तीस किलोचं.” बाईंनी फक्त “र...” असा उच्चार केला आणि अण्णांच्या तोंडून “रवा!” बाहेर पडले. वस्तू ओळखीची होती, वजनही आठवत होते, अडली होती ती नावापर्यंतची वाट. पहिल्या अक्षराच्या आधाराने ती वाट पुन्हा पुन्हा चालायची, मग आधार हळूहळू काढून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. आज अण्णा विक्रीच्या पट्टीवरचे भाव सांगताना अडखळतात, पण सांगतात.

उणिवाही आहेत. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि तोल सांभाळताना कष्ट पडणाऱ्या रुग्णाला तो जिना चढवणे धोक्याचे आहे. बैठक 45 मिनिटांची ठरलेली असली, तरी संध्याकाळच्या गर्दीत ती अर्ध्या तासात आटोपते. घरी करायचा सराव तोंडी सांगतात. तो मराठीत लिहून मिळायला हवा, कारण दिवसभर रुग्णाजवळ माझी आई असते आणि केंद्रात मी जातो.

जाणाऱ्यांनी सकाळी 11 च्या आतली वेळ मागून घ्यावी, कारण तेव्हा रुग्ण ताजातवाना असतो. एमआरआयची सीडी आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत. बाई ती खरोखर वाचतात.