१८९ डॉलरची काकवी

आमच्या गुंड्याचे मागचे पाय पहिल्यांदा घसरले ते मार्चमध्ये. गुंड्या म्हणजे फेरेट, मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, साडेपाच वर्षांचा, वजन जेमतेम किलोभर. (कोल्हापूरहून आलेली आई अजून त्याला मुंगूसच म्हणते.) कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी आहे, इथे न्यू जर्सीत परवाना काढून पाळता येतो. पण त्याला तपासणारा डॉक्टर गल्लोगल्ली मिळत नाही, आणि माझ्या फसण्याचं अर्धं कारण तेच.

लाकडी फरशीवर त्याचं मागचं धड कलंडायचं, पाय फाकायचे. पिंजऱ्याची शिडी चढता चढता मध्येच थांबून शून्यात बघत बसायचा. कधी लाळ गळायची, मग पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडायचा, टाळ्याला काही चिकटल्यासारखं. दहा मिनिटांनी पुन्हा आमचे मोजे पळवायला मोकळा. मला वाटलं, कण्याचं काहीतरी असणार.

इंटरनेटवर फेरेटची फिजिओथेरपी करणाऱ्या एक बाई सापडल्या. व्हिडिओ कॉलवर बघूनच त्यांनी सांगून टाकलं, मणक्यात नस दबली आहे. 'दवाखान्यात नेलंत तर थेट ऑपरेशनच सांगतील,' हेही वर. 'नर्व्ह टॉनिक'च्या तीन बाटल्या १८९ डॉलर, मागच्या पायांसाठी चाकांची गाडी १४०. पैसे पाठवताना 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडा, म्हणजे फी कापली जाणार नाही, म्हणाल्या. त्या पर्यायात खरेदीला संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. तरी निवडला.

आणि औषध लागू पडलं! तिथेच तर गोम आहे. तपकिरी चाटण बोटावर धरलं की गुंड्या आधाशासारखा चाटायचा आणि पंधरा मिनिटांत ताठ उभा राहायचा. मी हौसेने व्हिडिओ काढून बाईंना पाठवला. (तो आता त्यांच्या जाहिरातीत आहे. पैशांपेक्षा त्याची चीड जास्त येते.) तासा-दोन तासांनी मात्र पाय आधीपेक्षा ढिले. बाई म्हणाल्या, डोस वाढवा. वाढवला. असे सहा आठवडे गेले, आणि एका पहाटे गुंड्या पिंजऱ्यात गारठून पडलेला दिसला, ओल्या फडक्यासारखा.

तासभर गाडी हाकून असे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे पोचलो. रक्तातली साखर ४२. फेरेटची साधारण ९० ते १२० असते. इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडात गाठी. त्या नको तितकं इन्सुलिन सोडतात, साखर कोसळते आणि मागचे पाय जातात. मणका ठणठणीत होता.

काय देताय, म्हणून नर्सने बाटली मागितली. लेबलचा कोपरा सुटला होता, तिने नखाने सोलला. खाली भलत्याच कंपनीचं मूळ लेबल. घटक: माल्ट सिरप, मोलॅसिस, तेल, जीवनसत्त्वं. मोलॅसिस म्हणजे जवळपास आपली काकवीच. आई ऐकून म्हणाली, 'अरे, गुऱ्हाळावर डबा भरून दिली असती की!' गोड पोटात गेलं की साखर चढायची, त्यावर गाठी आणखी इन्सुलिन सोडायच्या आणि साखर आधीच्याही खाली जायची. म्हणजे बाईंचे 'आधी' आणि 'नंतर'चे व्हिडिओ कदाचित खरेच असतील. पुढचे दोन तास तेवढे कापलेले.

मागचे पाय हृदयविकाराने किंवा मणक्यानेही लुळे पडतात, पण कुणी काहीही विकायला आलं तरी आधी साखर तपासून घ्या. थेंबभर रक्त पुरतं, आकडा तिथल्या तिथे कळतो. आमच्याकडे आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसातून दोनदा आणि दर चार तासांनी मांसाचं खाणं. गोड बंद. फक्त कोसळलाच तर कापसाच्या काडीने हिरड्यांना मध लावायचा (बोट घालू नका, झटक्यात चावतो), सावध होऊन गिळायला लागला की मांस भरवायचं आणि डॉक्टरला फोन.

पैसे परत मागितले तर 'तुम्ही डोस नीट दिला नाहीत' एवढं उत्तर आलं, मग ब्लॉक. एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवली. ते एकेकाचे पैसे काढून देत नाहीत, पण नोंद राहते.

चाकांची गाडी सशाच्या मापाची निघाली, ती गॅरेजमध्ये पडून आहे. गुंड्या परवा शिडी चढून वरच्या झोळीत गेला. पहाटे दोनचा गजर मात्र माझ्या फोनवर वाजतो.