तात्पुरत्या शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण: व्हॉट्सअ‍ॅप, मूडल की थेट वर्ग?

मॅडम प्रसूती रजेवर जातात आणि गावातल्याच एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला मानधनावर बोलावलं जातं. निरोप सोमवारी संध्याकाळी, वर्ग मंगळवारी सकाळी. (‘बदली शिक्षक’ हा शब्द इथे मुद्दाम टाळलाय. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘बदली’ म्हटलं की कान वेगळ्याच कारणाने टवकारतात.) अशांसाठी केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) किंवा तालुका पातळीवर अभ्यासक्रम करायचा असेल, तर मधल्या त्या एका रात्रीत त्यांच्या हाती काय पडतं यावर माध्यम निवडा.

थेट वर्ग बनवायला सगळ्यात सोपा. गूगल मीटच्या मोफत खात्यावर 100 जण आणि 60 मिनिटं मिळतात, झूमवर 40 मिनिटं. पण मंगळवारी रुजू होणारीला मागच्या गुरुवारी झालेला वर्ग काय कामाचा? त्यात व्हिडिओ चालू ठेवला तर तासाला अर्धा ते एक जीबी डेटा जातो, म्हणजे बहुतेकांचा दिवसाचा पॅक तिथेच संपला. धारणी, चिखलदरा, भामरागडकडे तर रेंजसाठी टेकडी गाठावी लागते. शिवाय संध्याकाळी सातला लाइन जाते, आणि निंदणाच्या दिवसांत यातले अर्धे लोक वावरातून नुकतेच घरी आलेले असतात. आठवड्यातून एकदा, कॅमेरा बंद ठेवून, फक्त शंकांसाठी 30 मिनिटं एवढंच काम या माध्यमाला द्या.

व्हॉट्सअ‍ॅपला कोणी अभ्यासक्रम म्हणणार नाही, पण पहिल्या रात्री तेच पोचतं. पाच मिनिटांचा मोनो ऑडिओ 32 केबीपीएसवर काढला तर फाईल 1.2 एमबीची होते, तर तेवढाच साधा व्हिडिओ 19 एमबीच्या आसपास जातो. एका पाठाला साधारण 550 शब्दांची संहिता पुरते. व्हॉइस नोट मात्र पाठवू नका. तिला नाव नसतं, चार दिवसांनी ती सापडत नाही. एमपी3 फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि नाव ‘01-हजेरी’, ‘02-पोषण आहार’ असं ठेवा. कोरकू, गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी ‘बस’, ‘ये’, ‘पाणी’, ‘दुखतंय का’ असे तीसेक शब्द गावच्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. हे छापील पानावर जमत नाही.

गट बिघडतो तो दोन कारणांनी. एक, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली पाठ गाडला जातो. म्हणून पाठांच्या गटात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करा आणि शंकांचा गट वेगळा ठेवा. दोन, ऑगस्टमध्ये आलेल्याला जुलैचे पाठ आपोआप दिसत नाहीत. सगळ्या फायली ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची लिंक गटाच्या माहितीत टाका. एक उणीव मात्र राहतेच: कोणी ऐकलं, कोणाला कळलं, याची नोंद होत नाही.

ती नोंद मूडल ठेवतं. मूडल म्हणजे आपल्या सर्व्हरवर ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून घेता येतात आणि चाचणी ऑफलाइनही सोडवता येते. अट अशी, की सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यायला हवी आणि चाचणीला वेळमर्यादा नको; वेळ लावली की ऑफलाइनची सोय जाते. इथे चाचणी नेमकी काय दाखवते ते बघा. प्रश्न: पहिली ते पाचवीचा पट 31, हजर 27, पोषण आहारासाठी तांदूळ किती काढायचा? मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे 2.7 किलो. 3.1 उत्तर आलं, तर गणित बरोबर आहे पण हजेरीऐवजी पट धरलाय. पहिल्या दिवशी नोंद चुकते ती हमखास इथेच. अशा चुकीच्या पर्यायाखाली ‘02 ऐका’ असं लिहून ठेवता येतं.

मूडलची डोकेदुखी खात्यांची. अनेकांना ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, म्हणून वापरकर्ता नाव मोबाइल नंबरच ठेवा. एक्सेलमधून यादी चढवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडलं नाही, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. सर्व्हरचं भाडं, अपडेट, बॅकअप यांना वर्षभर एक जबाबदार माणूस लागतो. तालुक्यात तो नसेल तर या वाटेला जाऊच नका.

सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतं. विषय शिकवताना ते जोडीला घ्यावं. तुमच्या शाळेची किल्ली कुठे असते, ते मात्र तिथे कोणी सांगणार नाही.

वर्षाला तीस-चाळीसच तात्पुरते शिक्षक येत असतील तर व्हॉट्सअ‍ॅप आणि वर तांदळासारख्या पाच प्रश्नांचा गूगल फॉर्म पुरे. संख्या शंभराच्या पुढे असेल किंवा प्रमाणपत्र द्यायचं असेल तर मूडल, पण तेव्हाही पहिल्या सकाळचे सहा ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवा: हजेरी, आहार, एकाच खोलीत चार इयत्ता बसवणं, मूल आजारी पडलं तर कोणाला फोन करायचा, आधीच्या मॅडमचं टाचण वाचणं, सुट्टीची घंटा. पाठवण्याआधी जागा भरत आलेला एखादा जुना फोन घ्या, फायली उतरवा, फ्लाइट मोड लावा आणि प्रत्येक पाठ उघडून बघा. अडला तो पाठ पुन्हा लहान करा.