आरएक्स-८ की टोयोटा ८६? नागपूरहून न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी

ऑकलंडला पोचल्यावर जपानहून आलेली जुनी माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार स्वस्तात दिसते आणि हात शिवशिवतात. थांबा. तिच्या १.३ लिटर रोटरी इंजिनात पिस्टन नसतो; त्रिकोणी रोटरच्या टोकांवरचे अपेक्स सील झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातो. त्यामुळे रोटरीच्या खास टेस्टरने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. २५० आरपीएमला एखाद्या कप्प्याचा आकडा ६८० किलोपास्कलच्या खाली गेला, तर इंजिन उघडावे लागणार. साधा टेस्टर रोटरच्या तीन कप्प्यांतला सर्वांत मोठा आकडाच दाखवतो, तिथे फसगत होते. गरम इंजिन पुन्हा सुरू होताना अडखळले, तर तीही वाईट खूण. शिवाय सीलना वंगण मिळावे म्हणून ही गाडी मुळातच ऑइल जाळते. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची. थंड इंजिन चालू करून, गाडी जरा सरकवून लगेच बंद केले, की पेट्रोलने प्लग भिजतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही.

टोयोटा ८६ मध्ये ती नशा नाही, पण रोजच्या वापराला शहाणी. २ लिटरचे बॉक्सर (समोरासमोर आडव्या पिस्टनचे) इंजिन, सुमारे २०० एचपी. सुरुवातीच्या गाड्यांचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल (कंपनीने गाडी परत बोलावून केलेली दुरुस्ती) झाला का, तेवढे विचारा.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा एकत्र संच) दोन्हींना बसतात. मात्र न्यूझीलंडमध्ये त्यासाठी एलव्हीव्ही, म्हणजे बदल केलेल्या गाडीचे, प्रमाणपत्र लागते, त्याचा खर्च आधीच धरा.

आणि परतताना गाडी वर्धा रोडवर फिरवायचे मनात असेल, तर भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी आयात होत नाही. दोन्ही तिकडेच विकाव्या लागतील.