शेतकऱ्याकडून थेट हप्त्यावर 32 गुंठे घेतले, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

जानेवारीत सातबाऱ्यावर आमचं नाव लागलं. त्याआधी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण हप्त्यावर जमीन घेतलेल्यांचे पोस्ट बहुतेक पहिल्या महिन्यातले असतात, कुंपण, झाडं, सेल्फी, आणि पुढे त्या जमिनीचं काय झालं ते कुणी सांगत नाही. आता सगळे पैसे फिटले, खरेदीखत झालं, फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) मंजूर झाला, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल.

आम्ही दोघं नोकरीवाले, पिंपरीत राहतो. लांजा तालुक्यात आतल्या बाजूला जमीन घेतली. मुंबई-गोवा हायवेवरून साधारण पाऊण तास आत. रिसॉर्ट वगैरे काही डोक्यात नाही, काजू-आंबा लावायचा, थोडी भाजी, कोंबड्या आणि पुढेमागे तिथंच राहायचं. माझ्या आजोबांच्या जमिनीवर माझं वारसाने नाव असल्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा होता. तुमच्याकडे तो नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन थेट विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं, परवानगी काढावी लागते. "आम्ही करून देतो तुम्हाला शेतकरी" म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा, नंतर व्यवहारच रद्द व्हायची वेळ येते.

हप्त्यावर का, तर मी दोन बँकांत जाऊन विचारलं, एनए (बिगरशेती) प्लॉटला लोन देतो म्हणाले, शेतजमिनीला नाही. आठ-नऊ लाख एकदम काढायचे तर एफडी आणि बायकोचे दागिने, दुसरं काही नव्हतं.

आधी एका कंपनीकडे फसता फसता वाचलो ते सांगतो. नाव लिहीत नाही. पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल होता, 11 गुंठे फार्म प्लॉट, 51 हजार भरा आणि बाकी 36 हप्त्यात, वर आंब्याची दहा कलमं फुकट. बुकिंग भरलं. मग घरी आल्यावर शांतपणे कागद वाचले तर लक्षात आलं की जमीन जिरायत आहे, आणि 11 गुंठे हे जिरायतीच्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे वेगळी विकता येते त्या कमीत कमी जमिनीपेक्षा, लहान आहेत (ऑगस्ट 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10), त्यामुळे 11 गुंठ्याचं वेगळं खरेदीखत होणारच नाही. विचारलं तर म्हणे चार-पाच जणांच्या नावावर सामाईक करून देऊ. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागणार पण माझा तुकडा कुठला हे कुठल्याच सरकारी नकाशावर दिसणार नाही, आणि उद्या त्यातल्या एकाने भांडण काढलं की सगळेच अडकणार. ॲग्रीमेंट नोटरी केलेलं, रजिस्टर नाही. दोन हप्ते चुकले तर भरलेली सगळी रक्कम जप्त. माझे 51 हजार परत मिळायला चौदा महिने लागले आणि त्यातले सहा हजार "प्रोसेसिंग" म्हणून कापले. हा अनुभव आला म्हणून पुढे काकांच्या जमिनीच्या वेळी आम्ही प्रत्येक कागद दहा वेळा बघितला.

काका म्हणजे जमीनमालक, वय सत्तरच्या आसपास. ओळखीतल्या एका दुकानदाराकडून कळलं की त्यांना विकायची आहे. बोलणी करताना मी घाबरत घाबरतच विचारलं की थोडे थोडे करून दिले तर चालतील का, तर ते म्हणाले, "मला पण एकदम नकोच आहेत. एकदम आले की पोरं वाटे करायला बसतील. महिन्याला येत राहिले तर आमचं दोघांचं घर चालेल." मी तोपर्यंत हप्ता म्हणजे आपल्यावर केलेला उपकार असंच समजत होतो. गावात अशी बरीच म्हातारी माणसं आहेत ज्यांना पेन्शन नाही आणि जमीन आहे, त्यांना महिन्याचा बांधलेला पैसा खरंच हवा असतो. असा माणूस मिळाला तर या पद्धतीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

आम्ही मे महिन्यात जमीन बघायला गेलो होतो आणि नंतर मुद्दाम जुलैत परत गेलो. मे मध्ये पाण्याची खरी स्थिती कळते, शेजारच्या वाडीतल्या विहिरीत बादली किती खाली जाते ते बघितलं. जुलैत रस्ता कळतो. मे मध्ये जिथे गाडी थेट गेली होती तिथे जुलैत पऱ्याला (ओढ्याला) गुडघाभर पाणी आणि गाडी अलीकडेच लावून चालत जावं लागलं. कोकणात जमीन बघायला दिवाळीत जाऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर दिसतं.

काकांना सुरुवातीला फक्त 25 हजार टोकन दिलं, चेकने, विसार पावती (टोकनचा लेखी करार) करून, आणि त्यात लिहून घेतलं की तीन महिन्यांत मोजणी आणि बहिणींचं हक्कसोडपत्र झाल्याशिवाय पुढची रक्कम नाही. काकांच्या दोन बहिणी, एक साखरप्याला एक नालासोपाऱ्याला, दोघींची नावं वडिलांच्या मागे वारस म्हणून सातबाऱ्यावर लागलेली. काका म्हणत होते त्या काही बोलणार नाहीत, आणि खरंच बोलल्या नाहीत, पण बोलणार नाहीत आणि सही केली यात फार फरक आहे. नालासोपाऱ्याच्या बहिणीला गाडी करून आणलं, रजिस्टर हक्कसोड केलं. तो खर्च निम्मा आम्ही दिला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता मोजणी. हा दिवस मी विसरणार नाही. काकांनी जमीन दाखवताना एक मोठा फणस दाखवला होता, पऱ्याच्या काठाला, खाली दगडी पार केल्यासारखी जागा, आणि हिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की इथे बसायचं, इथे मुलीचा झोपाळा बांधायचा. मोजणीवाले आले, रोव्हर यंत्राची काठी घेऊन हद्दीने फिरले, एकेका कोपऱ्यावर दगडाला लाल रंग लावत. वरचे तीन कोपरे बरोबर निघाले. चौथ्याला ते फणसाच्या अलीकडेच थांबले, पंधरा-वीस फूट अलीकडे, गवतात पाय फिरवून बघितलं तर जुना हद्दीचा चिरा निघाला, अर्धा मातीत गेलेला, शेवाळ धरलेला. फणस शेजाऱ्यांचा. पऱ्याचा काठ पण त्यांचाच. काकांना पण खरंच माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा उतरला, त्यांच्या वडिलांपासून फणस यांनीच उतरवलेला होता. ही काही बोलली नाही, नुसती त्या चिऱ्यावर हात ठेवून उभी राहिली.

तरी घेतली. क्षेत्र कागदाप्रमाणे 32 गुंठे पूर्ण भरलं, फक्त आम्ही समजत होतो ती जागा त्यात नव्हती. पण भाव त्याच्यानंतर ठरला. आधी गुंठ्याला 30 हजार म्हणत होते ते 28 वर आले. मोजणी आधी केली नसती तर दोन वर्षं हप्ते भरून मग हे कळलं असतं. मोजणीचा अर्ज मालकानेच करावा लागतो, फी तुम्ही भरा हवं तर, पण मोठी रक्कम द्यायच्या आधी करा.

हिशोब स्पष्ट लिहितो कारण सगळे हाच प्रश्न विचारतात. 32 गुणिले 28 हजार म्हणजे 8,96,000. दोन लाख सुरुवातीला (टोकन धरून), राहिलेले 6,96,000 हे 24 महिने 29 हजाराने. व्याज वेगळं नाही. पण काकांनी रोख एकदम दिले तर 25 हजार सांगितले होते, म्हणजे 8 लाख. फरक 96 हजार. हेच व्याज, भावात घातलेलं. तेव्हा मी पर्सनल लोनचा हिशोब केला होता, 6 लाख 13 टक्क्याने दोन वर्षांसाठी काढले असते तर व्याज 85 हजाराच्या आसपास गेलं असतं. म्हणजे लोन काढून घेतली असती तर दहा-अकरा हजार वाचलेच असते. बिनव्याजी हप्ता म्हणून कुणी जमीन विकत असेल तर रोखीचा भाव आधी विचारा, मगच कळतं बिनव्याजी किती आहे ते.

मग लोन का नाही काढलं? कारण सातबाऱ्याच्या इतर हक्कात काकांच्या वडिलांच्या नावे गावच्या विकास सोसायटीचा जुना बोजा (कर्जाची नोंद) दिसत होता. कर्ज कधीच फिटलेलं, नोंद मात्र तशीच. काका म्हणाले होईल कमी. आमच्या वकीलबाईंनी साठेखतात (खरेदीखताच्या आधीचा विक्रीचा करार) अट टाकली की बोजा कमी झाल्याचा फेरफार हातात आल्याशिवाय शेवटचे चार हप्ते द्यायचे नाहीत. सोसायटीचा दाखला, मग अर्ज, मग तलाठी कार्यालयात फेऱ्या, एकदा अर्जच सापडत नाही म्हणाले, असं करत सात महिने गेले. सगळे पैसे आधीच दिले असते तर सत्तर वर्षांचा माणूस माझ्यासाठी सात महिने कशाला फिरला असता? पैसे थोडे राहिलेले असले की मालक पण कागद पूर्ण करायला तुमच्या इतकाच धडपडतो. दहा-अकरा हजार मला याच्यासाठी अजिबात जास्त वाटत नाहीत.

साठेखत नोव्हेंबर 2023 मध्ये केलं, ताब्यासहित आणि रजिस्टर. ताबा घेतला की स्टॅम्प ड्युटी खरेदीखतासारखीच पूर्ण भरावी लागते, तो पैसा लगेच जातो हे लक्षात ठेवून बजेट करा. नंतर खरेदीखताच्या वेळी ती वळती होते, दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. ताब्याशिवाय साठेखत स्वस्त पडतं पण मग दोन वर्षं एक कलम लावता येत नाही. रजिस्टर केल्यामुळे इंडेक्स 2 ला (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या सूचीत) नोंद येते, म्हणजे मध्येच दुसऱ्या कुणाला विकायचा प्रयत्न झाला तर सर्चमध्ये दिसतं. वारसांवर बंधनकारक हे वाक्य हवंच, काकांचं वय बघता आम्हाला त्याचीच जास्त काळजी होती. हप्ता चुकला तर 60 दिवसांची नोटीस आणि तरीही नाही भरला तर दहा टक्के कापून बाकी परत, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून लिहिलं. सगळे हप्ते बँकेतून. काका दोनदा म्हणाले यावेळी कॅश द्या, पण जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर कॅश घेता येत नाही, इन्कम टॅक्सचा नियम आहे, शिवाय माझ्याकडे पुरावा काय राहणार. समजावून सांगितलं, ते पण समजले.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा तोटा कुणी सांगत नाही तो हा की दोन वर्षं जमीन तुमच्या ताब्यात असते पण सातबाऱ्यावर तुम्ही नसता. पीककर्ज नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अर्ज केला असता तर कलमांना अनुदान मिळालं असतं, ते नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप मध्ये दहा टक्केच भरावे लागतात, तो पण नावाशिवाय नाही. आम्ही पहिल्याच पावसाळ्यात काजूची, वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 जातीची 60 कलमं स्वतःच्या पैशाने लावली आणि एप्रिल-मे मध्ये पाणी कॅनने वाहिलं, दर शनिवार-रविवार पुण्याहून जाऊन येऊन. 60 मधली 41 जगली. नाव लागेपर्यंत थांबलो असतो तर अनुदान मिळालं असतं पण दोन पावसाळे गेले असते. मला अजून ठरवता येत नाही कुठलं बरोबर होतं.

घराचं विचाराल तर अजून पत्र्याची शेडच आहे अवजारांना, घराची परवानगी हा वेगळा विषय आहे, जमीन घेतली म्हणजे घर बांधता येतं असं समजून कुणी पैसे देऊ नका, आधी ग्रामपंचायत आणि तहसीलला विचारा. वानरांचा त्रास आहे आणि भरपूर आहे, भाजी दोनदा पूर्ण गेली.

थोडक्यात स्टार द्यायचे तर थेट मालकाकडून हप्त्याने, रजिस्टर साठेखत करून, 5 पैकी 4. एक कापला तो सातबाऱ्यावर नाव नसण्याच्या दोन वर्षांसाठी. कंपनीच्या नोटरीवाल्या हप्त्याला मी एकही देणार नाही. वकिलाची फी आणि मोजणीची फी वाचवून हा व्यवहार करायचा असेल तर करूच नका.

खरेदीखताच्या दिवशी काका सही करून बाहेर आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, आता एक तारखेला मोबाईल वाजणार नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की काकी वाचायला लावायच्या, तेच त्यांना आठवलं. आम्ही अजून एक तारखेला फोन करतो, कलमं किती वर आली ते सांगायला. आणि शेजाऱ्यांशी पण बोललो, फणस त्यांचा तर त्यांचाच राहू दे, पण बसायला या म्हणाले. गेल्या मे मध्ये मुलीचा झोपाळा त्याच फांदीला बांधला.

सौर पंपाचा अर्ज मागच्या आठवड्यात भरला आहे, मंजूर झाला की किती दिवस लागले ते खाली लिहीन.