केजीएफ की सावनेर? खाण बघायला कुठं जावं

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला एक मित्र पोरांना खाण दाखवायची म्हणतोय पण कर्नाटकातलं कोलारचं केजीएफ (कोलार गोल्ड फील्ड्स, सोन्याच्या खाणी) का नागपूरजवळचं कोळशाचं सावनेर यात अडकलाय.

प्रवास दोन्हीकडं लांबचा. नागपूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातनंच थेट आहे, वेळ भरपूर खाते पण बदलाबदली नाही. केजीएफला आधी बेंगलोर, मिरजेवरनं राणी चन्नम्मा एक्स्प्रेस घ्यायची आणि मग पुढं साधारण १०० किमी.

आता बघायचं काय? केजीएफला खाली उतरायला मिळेल या आशेनं जाऊ नका भावांनो, खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. पण गाव बघा! ब्रिटिशांचे बंगले, शाफ्टचे (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचे) लोखंडी सांगाडे, सायनाइडनं सोनं काढून उरलेल्या मातीचे सायनाइड डंप म्हणजे अक्षरशः डोंगर, आणि तिथली चॅम्पियन रीफ खाण तर ३ किमीपेक्षा खोल गेलेली. १९०२ ला शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रावरनं वीज आली ती याच खाणींसाठी. एवढं सोनं निघालं तिथं आणि कामगारांच्या घरांच्या लाईनी बघितल्या की पोटात कालवतं, मला तरी ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डंपवर मात्र पोरांना चढू देऊ नका.

सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं इको पार्क आहे, कोळसा कसा काढतात ते पोरांना समजेल असं मांडलंय. इतिहास कमी, सोय जास्त. जायच्या आधी चालू आहे का ते फोन करून विचाराच.

लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर सावनेर. इतिहासाचं वेड असेल, फोटो काढायचेत, उन्हात चालायची तयारी असेल तर डोळे झाकून केजीएफ.