टाकी भरली, मोटर कोण बंद करणार? अलार्म, फ्लोट स्विच, कंट्रोलर की घरी बनवलेलं यंत्र

पाथर्डी फाट्याच्या पुढे नवीन रो-हाऊस घेतलेल्या मेहुण्याचा रविवारी फोन. "दाजी, टाकीला ते ऑटोमॅटिक बसवायचंय. कुठलं घेऊ?" इंदिरानगरच्या आमच्या घरात चारही प्रकार होऊन गेलेत, त्यामुळे बोलणं अर्ध्या तासात आटपलं नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

आमची व्यवस्था नाशकातल्या बहुतेक बंगल्यांसारखीच. गंगापूर धरणाचं पाणी नळाला सकाळी ठरावीक वेळ येतं, ते आधी खालच्या हौदात पडतं आणि तिथून 1 एचपीची मोनोब्लॉक मोटर ते गच्चीवरच्या 1000 लिटरच्या काळ्या टाकीत चढवते. (नळाला थेट मोटर लावायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याला मनाई आहे, आणि गल्लीच्या टोकाच्या घराचं पाणी तुम्ही ओढता ते वेगळंच.) टाकी भरायला पंचवीस मिनिटं लागतात आणि ती नेमकी डबे आणि आंघोळींच्या गर्दीत सापडतात. मोटर लावणारा विसरतो, मग शेजारच्या काकूंची हाक येते, "अहो, टाकी वाहतेय तुमची!"

आम्ही पहिल्यांदा आणला अलार्म. टाकीत दोन वायरी सोडायच्या, पाणी दोन्ही टोकांना टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि डबी बोलायला लागते. आमची हिंदीत बोलायची. चार दिवसांत त्या आवाजाची गत भंगारवाल्याच्या रेकॉर्डिंगसारखी झाली. कानावर पडतो, पण जागचं कोणी हलत नाही. आई तर म्हणाली, पाणी पडायचा आवाज बदलला की मला कळतंच, ही बया कशाला हवी? तरी भाड्याच्या घरात असाल तर हेच घ्या. भिंत फोडायला नको, घर सोडताना खिशात घालून नेता येतं.

दुसरा प्रकार केबलचा फ्लोट स्विच. प्लास्टिकचा पेरूएवढा गोळा, आत एक छोटी गोळी आणि स्विच. पाणी चढलं की तो कलतो, गोळी घरंगळते, मोटर बंद. यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही, म्हणून व्होल्टेज कमी-जास्त झालं किंवा पावसाळ्यात विजा कडकडल्या तरी याला फरक पडत नाही. खुबी आहे ती केबलवर सरकवायच्या वजनात. वजन आणि गोळा यांच्यात जितकी केबल मोकळी, तितका मोटर चालू आणि बंद होण्यातला पाण्याचा फरक. आमच्या इलेक्ट्रिशियनने वजन गोळ्याला अगदी चिकटवून ठेवलं होतं. दोन बादल्या पाणी उपसलं की मोटर सुरू, मिनिटभरात बंद, पुन्हा सुरू. दिवसभर तिची उचकी थांबेना.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बहुतेक ठिकाणी हा स्विच मोटरच्या लाइनलाच थेट जोडतात, म्हणजे 230 व्होल्टची केबल तुमच्या प्यायच्या-आंघोळीच्या पाण्यात. उन्हाने तिचं आवरण कडक होऊन तडकलं तर काय होईल ते सांगायला नको. बसवायचाच असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (थोड्याशा विजेवर ओढला जाणारा, मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच) घ्या, फ्लोटची लाइन कमी व्होल्टेजची ठेवा आणि मोटरच्या सर्किटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय बटण दाबू नका. शिवाय हौद रिकामा झाला तर वरच्या टाकीतल्या या गोळ्याला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी हौदात दुसरा गोळा सोडावा लागतो.

तिसरा म्हणजे तयार कंट्रोलर. मोटरच्या बोर्डाशेजारी डबी, टाकीत आणि हौदात सेन्सर, आणि सेन्सरच्या वायरीत वीज अगदी कमी व्होल्टेजची. हा घेताना सेन्सर कुठला ते आवर्जून विचारा. एका प्रकारात स्टीलच्या कांड्या पाण्यात बुडतात. बोअरचं जड पाणी टाकीत जात असेल तर त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि टाकी भरलेली असूनही डबीला ती रिकामी वाटते. आम्ही दर दोन महिन्यांनी लिंबू घेऊन गच्चीवर जायचो. दुसऱ्या प्रकारात दांड्यावर सरकणारा चुंबकाचा फ्लोट असतो, स्विच दांड्याच्या आत बंद. पाणी संपर्कालाच येत नाही, म्हणून थराची कटकट फार कमी.

हौदातला सेन्सर वाचवायच्या नादात गाळू नका. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहतो, हौदाने तळ गाठलेला असतो आणि टाकी रिकामी म्हणून डबी मोटर चालूच ठेवते. पंपाच्या सीलला गार ठेवायला पाणीच लागतं. कोरडी चालली की सील जळतं, वाइंडिंगही जाऊ शकतं. त्या एका दुरुस्तीत सेन्सरचे पैसे वसूल होतात. डबीवर मोटरचा एचपी लिहिलेला आहे ना, आणि हाताने चालवायचा बायपास स्विच आहे ना, हेही पाहा.

चौथा प्रकार आमच्या चिरंजीवांनी दिवाळीच्या सुट्टीत केला. नोडएमसीयू नावाचा वायफायवर चालणारा छोटा बोर्ड, आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा छोटा स्विच म्हणजे रिले, आणि मोबाइलवर टाकीची टक्केवारी. खर्च कंट्रोलरपेक्षा कमी, मजा कितीतरी जास्त. आठवडाभर आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन काढून टाकी दाखवत होते. मग थंडी पडली. सकाळी झाकणाच्या आतून थेंब धरायला लागले, सेन्सरच्या तोंडावर बसले आणि टाकी 14 टक्क्यांवरून एकदम 90 वर उडी मारू लागली. वॉटरप्रूफ सेन्सर आणला, तर त्याला जवळचं वीसेक सेंटिमीटर दिसतच नाही. तो पाण्याच्या वरच्या पातळीपासून तेवढा उंच बसवण्यासाठी झाकणावर पाइपचा तुकडा उभा केला.

रिलेने मात्र घाबरवलं. त्यावर 10 अँपिअर लिहिलेलं असतं आणि मोटर चालताना घेते त्याहून कमी. पण सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. एक दिवस रिलेची टोकं चिकटली. मोबाइलवर "मोटर बंद", आणि मोटर आपली सुसाट. इथेही उपाय तोच, रिलेने फक्त कॉन्टॅक्टर ओढायचा आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. हे सगळं जमलं, मग पोरगं नोकरीला पुण्याला गेलं. राउटर बदलला त्या दिवशी बायकोने विचारलं, "आता हे बंद पडलंय, मी कुणाला हाक मारू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आता चुंबकाच्या फ्लोटचा कंट्रोलर मोटर सांभाळतो आणि मुलाचं यंत्र फक्त पातळी दाखवतं. मोटरच्या वायरीला त्याचा हात नाही. ते रुसलं तर कुणाची आंघोळ अडत नाही, आणि सुट्टीत आलेल्या मुलाला गच्चीवर उद्योग राहतो.

मेहुण्याला हेच सुचवलं. वर एक काम सांगितलं, गच्चीपासून मोटरच्या बोर्डापर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून आत्ताच टाकून ठेव, वायर कुठलीही पडली तरी नंतर भिंत फोडायला नको. तो म्हणाला, "दाजी, उद्या पुट्टीवाला येतोय."

म्हटलं, मग आधी त्याला फोन कर, दोन दिवस थांब म्हणावं.